मृगातले पुसट ठिपके आणि गिल्येर्मो हारो

तारा जन्माला येत असताना तो भोवतालच्या ढगातील वायू स्वतःकडे ओढून घेतो आणि त्याच वेळी त्यातील काही भाग दोन विरुद्ध दिशांना प्रचंड वेगाने बाहेर फेकतो. हे झोत जेथे आसपासच्या वायूवर आदळतात, तेथे लहान, पुसट, प्रकाशमान ठिपके उमटतात. खगोलशास्त्रात त्यांना हर्बिग-हारो पिंड असे नाव आहे. या जोडनावातील पहिले नाव अमेरिकेतील लिक वेधशाळेचे जॉर्ज हर्बिग यांचे, तर दुसरे मेक्सिकोचे गिल्येर्मो हारो यांचे. हारो यांच्याजवळ खगोलशास्त्राची पदवी नव्हती. ते या क्षेत्रात आले तेव्हा त्यांच्या देशातील खगोलभौतिकीची वेधशाळा जेमतेम वर्षाची होती आणि तिचा मुख्य कॅमेरा अजून नीट कामास लागलेला नव्हता. (स्पॅनिश भाषेत नावाच्या आरंभीच्या ‘ह’चा उच्चार होत नाही, त्यामुळे स्वदेशात ते ‘आरो’ आणि उर्वरित जगात ‘हारो’ म्हणून ओळखले जातात.)

हारो यांचा जन्म २१ मार्च १९१३ रोजी मेक्सिको सिटी येथे झाला. तो क्रांतीचा काळ होता. महिनाभरापूर्वीच राजधानीत दहा दिवस रणधुमाळी माजून राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मादेरो यांची हत्या झाली होती. अशा अस्थिर वातावरणात वाढलेल्या हारो यांनी राष्ट्रीय विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले, डाव्या विचारांच्या वर्तुळात ते वावरले आणि पत्रकारितेत शिरले. ‘एक्सेल्सिओर’ या दैनिकासाठी वार्ताहर म्हणून काम करीत असताना त्यांनी लुईस एन्रिके एर्रो यांची मुलाखत घेतली. या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

एर्रो हे राजकारणात मुरलेले गृहस्थ होते. शिक्षण खात्यातही त्यांचा दबदबा होता. मात्र त्यांचा खरा जीव रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणात गुंतलेला असे. मेक्सिकोला जागतिक तोडीची वेधशाळा हवी, हा त्यांचा ध्यास होता. मान्वेल आविला कामाचो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एर्रो यांनी त्यांच्याकडून या कामासाठी पैसा मिळविला. कामाचो पुएब्ला प्रांताचे. वेधशाळेसाठी जागाही त्याच प्रांतातील तोनान्त्सिन्त्ला या खेड्याजवळ निवडण्यात आली. नाहुआत्ल या तेथील मूळ भाषेत या नावाचा अर्थ ‘आपल्या आईचे ठिकाण’ असा होतो. गावातील जुन्या चर्चचा अंतर्भाग स्थानिक कारागिरांनी घडविलेल्या रंगीत देवदूतांनी आणि फळाफुलांनी भरून गेलेला आहे. क्षितिजावर पोपोकातेपेत्ल हा ज्वालामुखी पर्वत दिसतो. येथे १७ फेब्रुवारी १९४२ रोजी वेधशाळेचे उद्‌घाटन झाले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. तरीही हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांच्यासह अमेरिकेतील अनेक नामवंत खगोलशास्त्रज्ञ युद्धाच्या धामधुमीतून वाट काढत या खेड्यात जमले.

१९४३ मध्ये एर्रो यांनी हारो यांना आपले साहाय्यक म्हणून घेतले आणि शिकण्यासाठी हार्वर्डला पाठविले. तेथील वास्तव्यात हारो यांनी वेधांचे तंत्र आत्मसात केले. परत आल्यावर त्यांच्याकडे सोपविण्यात आलेले पहिले मोठे काम म्हणजे तोनान्त्सिन्त्लाचा श्मिट कॅमेरा चालू करणे. श्मिट कॅमेरा ही एक विशेष प्रकारची दुर्बीण. नेहमीच्या मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो. श्मिटच्या एका काचपट्टीवर मात्र आकाशाचा बराच मोठा पट्टा एकाच वेळी टिपला जातो. तोनान्त्सिन्त्लाचे हे उपकरण जगातील सर्वांत मोठे नव्हते. परंतु तिथून दक्षिणेचे बरेच आकाश दिसे, आणि आकाशगंगेचा मध्यभाग उत्तरेकडील वेधशाळांच्या मानाने डोक्यावर येई. ज्यांच्यापाशी मोठी उपकरणे आहेत त्यांच्याशी स्पर्धा न करता, या कॅमेऱ्याला जे नेमके जमते तेच काम शोधायचे, हे धोरण हारो यांनी ठरविले आणि जन्मभर पाळले.

त्यांनी निवडलेली युक्ती साधी होती. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक मोठा पातळ लोलक बसविला की पट्टीवरचा प्रत्येक तारा बिंदूऐवजी छोट्या वर्णपटाच्या रूपात उमटतो. पट्टी लाल प्रकाशाला संवेदनशील घेतली, तर तापलेल्या हायड्रोजनची विशिष्ट लाल रेषा ज्या ताऱ्यांच्या वर्णपटात ठळक असते ते तारे हजारोंच्या गर्दीतूनही चटकन ओळखू येतात. अशा ताऱ्यांना त्या काळी नव्याने महत्त्व आले होते. वृषभ राशीतील टी टॉरी या ताऱ्यासारखे, धुळीच्या ढगांच्या आसपास आढळणारे हे तारे वयाने अगदी तरुण असावेत, अशी शंका येऊ लागली होती. हारो यांनी हा लोलक ओरायनच्या प्रदेशाकडे, म्हणजे आपल्याकडील मृग नक्षत्राकडे वळविला. हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली ओरायनचा प्रसिद्ध तेजोमेघ आहे. त्याच्याही थोडे दक्षिणेस एन.जी.सी. १९९९ हा लहानसा तेजोमेघ लागतो. त्याच्या शेजारी हारो यांना काही विचित्र ठिपके दिसले. त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनची लाल रेषा ठळक होती, पण एरवी ताऱ्याच्या प्रकाशाचा जो अखंड पट्टा दिसतो तो जवळपास नव्हताच. म्हणजे प्रकाश होता आणि तारा नव्हता.

हेच ठिपके कॅलिफोर्नियात जॉर्ज हर्बिग यांनीही पाहिले होते. लिक वेधशाळेत डॉक्टरेटसाठी काम करीत असताना त्यांना ते छायाचित्रांत आढळले. दोघांनाही एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. डिसेंबर १९४९ मध्ये ॲरिझोनातील टूसान येथे अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात दोघांची गाठ पडली आणि आपण एकाच गोष्टीच्या मागे आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. अशा प्रसंगी शोध कोणाचा यावरून तंटे होतात. येथे तसे काही झाले नाही. हर्बिग यांनी १९५१ मध्ये या पिंडांच्या वर्णपटांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील वर्षी हारो यांनी जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकातच त्यांनी या पिंडांना हर्बिग यांचे नाव दिले होते. स्वतः स्वतंत्रपणे शोधलेल्या वस्तूला दुसऱ्याचे नाव देणारा वैज्ञानिक विरळाच.

त्या लेखामागे हारो यांनी केलेली एक तपासणी आज अधिक मोलाची वाटते. ठिपक्यांच्या आत एखादा तारा धुळीआड दडलेला असेल, तर निळा प्रकाश अडला तरी अवरक्त प्रकाश धुळीतून बऱ्याच अंशी पार होईल आणि अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या पट्टीवर तो तारा प्रकटेल, हे उघड होते. हारो यांनी तशी छायाचित्रे घेतली. तेथे काहीही दिसले नाही. ठिपक्यांच्या जागी त्यांना प्रकाश पुरविणारा तारा सापडत नाही, हे त्यांनी जसेच्या तसे नोंदविले.

पुढे सोव्हिएत आर्मेनियातील खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी या पिंडांना हर्बिग-हारो असे जोडनाव दिले. तारे आकाशगंगेत आजही जन्मत आहेत, हा विचार मांडणाऱ्यांत अंबार्त्सुम्यान अग्रभागी होते आणि या ठिपक्यांत त्यांना ताऱ्याच्या जन्माची अगदी पहिली अवस्था दिसत होती. त्याच सुमारास हर्बिग यांना एका पिंडात पूर्वीच्या छायाचित्रांत नसलेल्या नव्या प्रकाशमान गाठी आढळल्या. माणसाने प्रथमच ताऱ्याचा जन्म डोळ्यांदेखत पाहिला की काय, अशी चर्चा झाली. त्या काळच्या माहितीत ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती, पण ती चुकीची होती. तारा ठिपक्याच्या आतच असला पाहिजे, हे गृहीत धरून सारे चालले होते. हारो यांच्या कोऱ्या अवरक्त पट्ट्यांनी दिलेला इशारा पंचवीसएक वर्षे तसाच पडून राहिला.

हारो मात्र एका शोधावर थांबले नाहीत. एकाच पट्टीवर निळा, पिवळा आणि जंबुपार अशा तीन गाळण्यांतून शेजारी शेजारी तीन छायाचित्रे घेतली, तर ताऱ्याचा रंग नुसत्या नजरेने कळतो. ही तिहेरी छायाचित्रांची पद्धत तोनान्त्सिन्त्लाची ओळखच बनली. तिच्या साहाय्याने त्यांनी १९५६ मध्ये असाधारण निळ्या अशा ४४ दीर्घिकांची यादी प्रसिद्ध केली. तारे वेगाने जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांच्या पुढील अभ्यासाला तिचा मोठा उपयोग झाला. विलेम लायटन यांच्याबरोबर त्यांनी आकाशगंगेच्या दक्षिण ध्रुवाकडील ८,७४६ फिक्या निळ्या ताऱ्यांची सूची तयार केली. ती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा क्वेसार हा शब्दही जन्मला नव्हता. पुढे या सूचीतील कित्येक ‘तारे’ वास्तविक अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेले क्वेसार निघाले. एकाच पट्टीवर थोड्या थोड्या अंतराने अनेक छायाचित्रे घेऊन, मिनिटांत उजळून विझणाऱ्या भडकताऱ्यांचा शोध त्यांनी ओरायनमध्ये आणि इतर तारकासमूहांत घेतला. बिंबाभ्रिका, नवतारे, एक धूमकेतू अशी ही यादी लांबविता येईल. या सर्व कामांना महाग उपकरण लागले नाही. चिकाटी आणि रात्री मात्र असंख्य लागल्या.

१९४८ मध्ये त्यांच्याकडे राष्ट्रीय विद्यापीठाच्या ताकुबाया येथील वेधशाळेची सूत्रे आली आणि लवकरच तोनान्त्सिन्त्लाचीही. १९५३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ‘कोलेहिओ नासिओनाल’ या देशातील सर्वोच्च विद्वत्‌संस्थेत त्यांची निवड झाली. तोवर इतक्या कमी वयाचा सदस्य तेथे आला नव्हता. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या मेक्सिकोच्या विज्ञान संशोधन अकादमीच्या संस्थापकांतही ते होते.

संचालक म्हणून त्यांची कारकीर्द सरळ रेषेत गेली नाही. ते शिस्तीचे कडक आणि स्वभावाने तापट होते. त्यांच्याशी जमवून घेणे अनेकांना जड जाई. परंतु देशात खगोलशास्त्रज्ञ नुसते घडून चालणार नाहीत, ते बाहेर शिकून परत आले पाहिजेत, आणि परत आल्यावर त्यांना काम करण्याजोगे उपकरण मिळाले पाहिजे, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी ओळखले होते. होतकरू मुलामुलींना हेरून त्यांनी अमेरिकेतील विद्यापीठांत धाडले. राजधानीच्या दिव्यांनी जुन्या वेधशाळांचे आकाश उजळू लागले तेव्हा त्यांच्याच काळात वायव्येकडे बाहा कॅलिफोर्नियातील सान पेद्रो मार्तिर या निर्जन पर्वतावर नव्या वेधशाळेची सुरुवात झाली. १९६८ मध्ये विद्यापीठातील संचालकपद त्यांनी सोडले. १९७१ मध्ये तोनान्त्सिन्त्लाच्या जुन्या वेधशाळेतून खगोलभौतिकी, प्रकाशशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. दुर्बीण वापरणाऱ्या देशाला भिंग घासता आणि मंडल जोडता आले पाहिजे, हा आग्रह या तीन विषयांच्या जोडणीमागे होता.

पत्रकार आणि लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांच्याशी त्यांचा विवाह १९६८ मध्ये झाला. पोनियातोव्स्का यांच्या २००१ सालच्या ‘ला पिएल देल सिएलो’ या कादंबरीचा खगोलशास्त्रज्ञ नायक हारो यांच्यावरून रेखाटलेला आहे. २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पोनियातोव्स्का यांनी त्यांचे विस्तृत चरित्रही प्रसिद्ध केले.

ठिपक्यांचे कोडे सुटू लागले ते सत्तरच्या दशकात. १९७५ मध्ये रिचर्ड श्वार्ट्‌झ यांनी दाखविले की, हर्बिग-हारो पिंडांचे वर्णपट स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या अवशेषांशी मिळतेजुळते आहेत. म्हणजे येथेही वेगवान वायू संथ वायूवर आदळून प्रघात तरंग निर्माण होत असला पाहिजे. जुन्या आणि नव्या छायाचित्रांची तुलना केल्यावर वृषभ राशीतील दोन पिंड चक्क सरकताना आढळले. त्यांचा माग उलट दिशेने काढला तर तो ढगात दडलेल्या एका अवरक्त स्रोतापाशी पोहोचत होता. १९८० मध्ये रेडिओ दुर्बिणीने याच ढगाचा नकाशा तयार करण्यात आला.

अशा नकाशाची रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे. थंड ढगातील कार्बन मोनॉक्साइडचे रेणू सुमारे २.६ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतात. वायू आपल्याकडे येत असेल तर ही तरंगलांबी किंचित आखूड होते, दूर जात असेल तर किंचित लांब. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढ्या सुरात आणि दूर जाताना उतरत्या सुरात ऐकू येते, तसाच हा डॉप्लर परिणाम. दुर्बीण ढगाच्या एकेका बिंदूवर रोखून वायूचा वेग मोजत गेले की कोठला वायू येतो आहे आणि कोठला जातो आहे याचा नकाशा तयार होतो. वृषभातील त्या ढगात असे दोन लंबगोल पट्टे दिसले: एक आपल्याकडे येणाऱ्या वायूचा, दुसरा दूर जाणाऱ्या वायूचा आणि बरोबर मध्ये तो अवरक्त स्रोत. हर्बिग-हारो पिंड येणाऱ्या वायूच्या पट्ट्यात होते. तारा ठिपक्यांच्या आत नव्हता. ठिपके हे दूरच्या ताऱ्याने फेकलेल्या वायूचे आघात होते.

हारो आणि हर्बिग यांच्या मूळ जोडीबाबतही तेच निघाले. एन.जी.सी. १९९९ जवळचे पहिले दोन पिंड आकाशात एकमेकांपासून चंद्रबिंबाच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर आहेत; ओरायनच्या ढगाचे अंतर लक्षात घेता हे जवळपास एक प्रकाशवर्ष होते. हर्बिग आणि बर्टन जोन्स यांनी १९८१ मध्ये दाखविले की, हे दोघे परस्परांपासून विरुद्ध दिशांना पळत आहेत आणि त्यांतील काही गाठींचा वेग सेकंदाला ३०० किलोमीटरहून अधिक आहे. या वेगाने ते मधल्या ठिकाणाहून निघून सुमारे पाचशे वर्षेच झाली असावीत. पण मध्ये कोण होते? तेथे दिसणाऱ्या एका मंद ताऱ्यावर प्रथम संशय घेण्यात आला. तो चुकीचा ठरला.

फेब्रुवारी १९८३ मध्ये हारो यांच्या सत्तरीच्या निमित्ताने मेक्सिको सिटी येथे हर्बिग-हारो पिंडांवर त्यांच्या सन्मानार्थ परिसंवाद भरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, न्यू मेक्सिकोतील ‘व्हेरी लार्ज ॲरे’ या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने त्या दोन पिंडांच्या मधोमध, दृश्य प्रकाशात पूर्णपणे अदृश्य असलेला एक क्षीण रेडिओ स्रोत शोधून काढला. धुळीत गुरफटलेला हा आदितारा दोन्ही पिंडांचा जनक होता. हा शोध लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात लुईस फेलिपे रॉद्रीगेझ, होर्हे कान्तो आणि साल्वादोर कुरिएल हे मेक्सिकोचे खगोलशास्त्रज्ञ होते. हारो यांनी वीस वर्षे सांभाळलेल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या खगोलशास्त्र परंपरेतूनच हे संशोधन पुढे आले होते. तोनान्त्सिन्त्लाच्या पट्टीवरील कोऱ्या जागेचा अर्थ अशा रीतीने स्वदेशीयांच्या हातून लागला आणि तो पाहण्यास हारो हयात होते.

ढगातील गोल फिरणारा वायू आकसत जाताना त्याची फिरकी वाढत जाते. ती कोठेतरी टाकल्याखेरीज वायू ताऱ्यात पडू शकत नाही. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने सुटणारे हे झोत ती फिरकी वाहून नेतात, असे आता मानले जाते. शिवाय ते मूळ ढगालाही ढवळून काढतात आणि आसपास किती तारे जन्मतील यावर परिणाम करतात. म्हणून तारे घडविणाऱ्या ढगांत अशा झोतांचे नकाशे तयार करणे हा गेल्या चार दशकांतील संशोधनाचा मोठा विषय झाला आहे.

हारो यांच्या अखेरच्या वर्षांतील सर्व शक्ती एका दुर्बिणीपायी खर्च झाली. उत्तरेकडील सोनोरा प्रांतात कानानेआ या खाणींच्या गावाजवळ डोंगरावर २.१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याचे काम अडथळ्यांतून रखडत चालले होते. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. या वेधशाळेला पुढे हारो यांचेच नाव देण्यात आले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, एप्रिल १९८८ मध्ये, मेक्सिको सिटी येथे वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्ञात हर्बिग-हारो पिंडांची संख्या आता हजारावर गेली आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ययाती तारकासमूहातील हर्बिग-हारो २११ या पिंडाचे जे अवरक्त चित्र घेतले, त्यात अगदी बालवयातील ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना निघालेले झोत गाठीगाठींसह दिसतात. पुएब्ला प्रांतातच सिएरा नेग्रा पर्वताच्या माथ्यावर, सुमारे ४,६०० मीटर उंचीवर, ५० मीटर व्यासाची मिलिमीटर दुर्बीण उभी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स विद्यापीठाच्या सहकार्याने ती उभारणारी मेक्सिकन संस्था म्हणजे १९७१ मध्ये हारो यांनी तोनान्त्सिन्त्ला येथे स्थापन केलेली तीच संस्था.